रिपोर्ट चांगले आहेत, मग मी एवढी का थकते?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत सोळा वर्षं गणित शिकवतात. शाळेचं वेळापत्रकही त्याच लावतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असल्याचं निदान झालं. तेव्हा सकाळी मूठ वळत नव्हती, खडू धरवत नव्हता. औषधांनी सूज उतरली, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारे रक्ततपासणीतले आकडे) खाली आले, डॉक्टर ‘उत्तम चाललंय’ म्हणतात. थकवा मात्र हटत नाही. शाळेतून साडेपाचला घरी आल्या की त्या साडेसातपर्यंत झोपतात, मग रात्री झोप येत नाही. डॉक्टरांकडे बाहेर रांग असते, म्हणून ‘बरं आहे’ एवढं सांगून परत येतात. सासूबाई म्हणतात, ‘वात मलाही आहे, माझेही गुडघे दुखतात, मी करतेच की.’ यजमान समंजस आहेत, ‘काय मदत करू सांग’ असं विचारतात. मुलगा अकरावीत आहे. मुलगी सातवीत, ती थोडं करते. गेल्या वर्षी गौरींचे तीन दिवस ताईंनी उभ्याने पार पाडले आणि नंतर आठ दिवस अंथरूण धरलं. शाळेत आजार कोणाला माहीत नाही, तिथे ‘व्हायरल’ सांगितलं. आता गौरी महिनाभरावर आल्या आहेत. त्या विचारतात, ‘मी आळशी झाले आहे का? की हे मनाचंच आहे? नोकरी सोडावी असं वाटतं, म्हणजे निदान घरचं तरी नीट होईल.’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचण्याआधी मी ते नुसतं पाहिलं. पहिल्या दोन पानांवर फळ्यावर असावं तसं गोल, सरळ अक्षर. तिसऱ्या पानावर ते तिरकं व्हायला लागतं, आणि चौथ्या पानाची शाईच वेगळी. बहुतेक दुसऱ्या दिवशी पूर्ण केलंत. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. आळशी माणूस ‘मी आळशी आहे का’ हे विचारायला चार पानं लिहीत नाही, आणि त्यासाठी दोन दिवस तर मुळीच खर्ची घालत नाही.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. पुढे औषधांविषयी जे येईल ते तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवायचे प्रश्न म्हणून वाचा. परस्पर काही बदलू नका.

आधी तो ‘वात’ शब्द बाजूला करू, कारण तुमच्या घरातला निम्मा गोंधळ त्याने घातला आहे. आपल्याकडे सांधा दुखला की संधिवात, मग तो कशानेही दुखो. सासूबाईंचे गुडघे बहुधा झिजेमुळे दुखतात. वय वाढतं तशी सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजते, जिना चढताना कळ येते, बसलं की बरं वाटतं. त्यांचं दुखणं खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. तुमचा आजार मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि हे भांडण सांध्यापुरतं राहत नाही. त्यात टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी जी रसायनं तयार होतात ती रक्तातून सगळीकडे फिरतात आणि मेंदूला निरोप देत राहतात की तू आजारी आहेस, पडून राहा. फ्लूचा ताप चढायच्या आधी अंग मोडून येतं, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, दिवा नकोसा होतो, ते अशाच निरोपांमुळे. फ्लूमध्ये चार दिवसांत ते थांबतात. आमवातात ते कमीजास्त जोराने येतच राहतात.

सासूबाईंना हे रसायनशास्त्र सांगत बसू नका. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ आली होती, ती त्यांना आठवत असेल. ताप आठवड्याभरात गेला, पण कित्येक माणसं पुढे महिनोन्‌महिने भिंतीला धरून उठत होती. गल्लीतलं कोणी ना कोणी त्यात असणारच. त्यांना एवढंच विचारा, ‘ती आजारातून उठलेली बाई तेव्हा आळशी झाली होती का हो?’ सगळं पटेल असं नाही. पण ‘माझेही गुडघे’ हे वाक्य एकदा तरी अर्ध्यावर थांबेल.

आता रिपोर्ट. ‘रिपोर्ट चांगले, म्हणजे थकवा मनाचा’ असं तुम्ही धरलंय. गणिताच्या बाई आहात, तर त्या ‘चांगल्या’त काय काय मोजलेलं असतं ते पाहा. आमवाताचा जोर ठरवायला डॉक्टर डीएएस-२८ नावाची एक पद्धत वापरतात. खांदे, कोपरं, मनगटं, हाताच्या बोटांचे सांधे आणि गुडघे असे २८ सांधे तपासून किती सुजलेत, किती दुखतात ते मोजायचं, त्यात ईएसआर किंवा सीआरपी घालायचा, शिवाय ‘एकूण कसं वाटतंय’ याला रुग्णाने दिलेला एक आकडा. थकव्याला या सूत्रात स्वतःची जागा नाही. (पावलांच्या सांध्यांनाही नाही, आणि तुमचा दिवस उभ्याने जातो. पाय दुखत असतील तर तेही वेगळं सांगायला हवं.) म्हणजे डॉक्टर खोटं बोललेले नाहीत. त्यांनी जे मोजलं ते चांगलंच आलं. जे मोजलंच नाही त्याची किंमत शून्य, हे आपण आपल्याच मनाने लिहून टाकलं. असं वहीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही किती गुण द्याल?

वैद्यकशास्त्राच्याही हे उशिरा लक्षात आलं. संधिवाताच्या संशोधनात नेमकं काय मोजावं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. २००२ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या त्यांच्या परिषदेत रुग्णांना चर्चेत रीतसर सामील करून घेतलं गेलं, आणि संशोधकांच्या ठरलेल्या यादीत नसलेला थकवा त्या रुग्णांनी पुढे आणला. २००६ साली माल्टातल्या परिषदेत ठरलं, की यापुढे आमवाताच्या अभ्यासांमध्ये शक्य तिथे थकवाही मोजायचा. तज्ज्ञांना ही गोष्ट रुग्णांनी शिकवली, हे मला फार आवडतं. तुम्हालाही तेच करायचं आहे, फक्त परिषदेत नाही, रांगेतल्या तुमच्या वाट्याच्या पाच मिनिटांत. खुर्चीत बसता बसता सांगा, ‘सूज नाही, पण थकवा दहापैकी आठ आहे. पाचव्या तासाला फळ्यावरचं उदाहरण पुढे कसं जातं ते आठवत नाही.’ चिठ्ठीवर लिहून न्या. नुसतं ‘थकवा वाटतो’ हे डॉक्टर दिवसभर ऐकत असतात. गणिताच्या बाईंना गणित आठवत नाही हे ऐकल्यावर त्यांचं पेन थांबेल.

पण सगळा थकवा आमवाताच्या खात्यावरही टाकू नका. तीन वर्षं एकाच आजाराचं नाव घेतलं की बाकीचं दिसेनासं होतं. पाळी कशी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. चाळिशीनंतर ती पुष्कळदा लांबते, जास्त जाते, आणि अंगातलं रक्त कमी होतं. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. आपल्याकडे बायका दहा-साडेदहावर ‘चालतंय की’ म्हणत वर्षं काढतात. त्यात आमवाताचा एक जादा गुंता आहे. शरीरात दाह असला की फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, वर सरकतो. त्यामुळे लोह कमी असूनही कागदावर पुरेसं दिसू शकतं. फेरिटिनचा आकडा सीआरपीच्या शेजारी ठेवून पाहायची विनंती करा. थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्या, कारण स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार कधीकधी जोडीने येतात. शाकाहारी असाल तर बी-१२, आणि ड जीवनसत्त्वही पाहा. यातलं काही सापडलं तर ते दुरुस्त करणं नोकरी सोडण्यापेक्षा खूप स्वस्त आहे.

जिना चढताना नव्याने धाप लागणं, छातीत दडपण, टिकून राहिलेला ताप, कारणाशिवाय उतरणारं वजन, डांबरासारखी काळी शौच, यांपैकी काही असेल तर ‘थकवा असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. आमवात हृदयाला आणि फुप्फुसांनाही त्रास देऊ शकतो, आणि वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणखी एक, तुमच्यापेक्षा इतर वाचकांसाठी: कोणी ‘वातावरची’ पुडी आणून दिली असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. चार दिवस अंगात वारं भरतं, आणि पुष्कळ दिवस घेतलेली पुडी एकदम थांबवली की माणूस पार गळून जातो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइडसुद्धा मनाने बंद करायचं नसतं ते याचमुळे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे: ‘(मेथोट्रेक्सेट रविवारी रात्री घेते, सुट्टीमुळे लक्षात राहतं)’. आणि पुढच्या पानावर: ‘सोमवार सगळ्यात वाईट जातो.’ ताई, ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून पाहिलीत का? मेथोट्रेक्सेट हे तुमचं आमवाताचं औषध. ते घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळ, गळाठा, डोकं धुरकट होणं हे बऱ्याच जणांना होतं. तुमची शाळा शनिवारी सकाळची असते. मग शनिवारी रात्री गोळ्या घेतल्या तर तो जड दिवस वर्गात न येता रविवारी घरी येईल. वार बदलायचा असेल तर दोन डोसांमधलं अंतर कसं सांभाळायचं हे डॉक्टरांनाच विचारा. त्याच्या जोडीला देतात ते फॉलिक ॲसिड कोणत्या दिवशी घ्यायचं तेही, आणि मळमळ फार असेल तर गोळ्यांऐवजी इंजेक्शन चालेल का तेही. मात्र हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. घरात गोळ्या दुसरं कोणी काढून देत असेल, तर पाकिटावर वाराचं नाव मराठीत, ठळक लिहून ठेवा.

यात एकच अडचण आहे, ती म्हणजे तुमचा रविवार.

तुम्ही लिहिलेला रविवार मी वहीत उतरवला. सकाळी चादरी आणि आठवड्याचे कपडे, मग नाश्ता, आठवड्याची भाजी निवडणं, दोन चटण्या, दुपारचं साग्रसंगीत जेवण, इस्त्री, संध्याकाळी पेपरांचा गठ्ठा. बाई, तुम्ही शाळेचं वेळापत्रक लावता. गणित, विज्ञान, इंग्रजी सलग टाकत नाही, मध्ये चित्रकला किंवा पीटी घालता. एखाद्या शिक्षकाला सलग सहा तास दिले तर तो मधल्या सुट्टीतच स्टाफरूममध्ये भांडायला येईल, आणि त्याचं बरोबर असेल. स्वतःला मात्र दर रविवारी आठ तास सलग लावलेत, एकही ऑफ तास न देता, आणि भांडायला कोणी येत नाही म्हणून ते तसंच चालू आहे.

या आजारात थकव्याची एक चाल असते. एखादा दिवस बरा उजाडतो. साचलेलं सगळं त्या दिवशी उरकलं जातं, आणि पुढचे दोन-तीन दिवस त्याची वसुली होते. मग पुन्हा साचतं, पुन्हा एका दिवसात उरकायचं. वाईट दिवशी पडून राहण्यापेक्षा चांगल्या दिवशी हात आवरणं कितीतरी अवघड, हे मला अनेकींनी सांगितलं आहे. पण सुटका त्यातच आहे. थकल्यावर थांबायचं नाही, थकायच्या आधी थांबायचं. चादरी बुधवारी, इस्त्री बाहेर, चटणी एकच. एका जड कामानंतर एक हलकं, आणि मध्ये दहा मिनिटं खरोखर टेकायचं. त्या दहा मिनिटांत भाजी निवडायची नाही, मोबाइलवर पालकांचा ग्रुपही बघायचा नाही.

हे डोळ्यांसमोर यायला पंधरा दिवस टाचणवहीसारखी एक वही ठेवा. वेळ, काय केलं, थकवा दहापैकी किती, रात्री किती झोप झाली. चार रकाने पुरे. पंधरा दिवसांनी तुम्हाला असं काही दिसेल जे मला इथे बसून दिसत नाही. एकीला तिच्या वहीत सापडलं, की तिला स्वयंपाक नाही तर सकाळी सहाला पाणी भरणं मोडत होतं. तिने फक्त नळाला लांब पाइप लावून घेतला.

झोपेबद्दल जरा कडक बोलते. संध्याकाळी दोन तास झोपून तुम्ही रात्रीची झोप उधार घेता, आणि ती रात्री परत मागितली जाते. ‘थकलंय ना, मग झोपा’ हा सल्ला या थकव्याला लागू पडत नाही, कारण तो झोपेच्या तुटीतून आलेला नाही. निदान सगळा नाही. घरी आल्यावर वीस मिनिटांचा गजर लावून आडव्या व्हा, खोलीत अंधार न करता. पाचनंतरचा चहा सोडून बघा. (हे लिहिताना माझ्याच हाताशी सहाचा कप आहे, तेव्हा हा सल्ला किती जड जातो ते मला माहीत आहे.) आणि पहाटे सांधे आखडून किंवा दुखून जाग येत असेल, तर तो रोगाचा जोर अजून शिल्लक असल्याचा निरोप असू शकतो. तो डॉक्टरांपर्यंत पोचवा.

यापुढचं वाचून तुम्हाला माझा राग येईल. या थकव्यावर अभ्यासांमध्ये ज्या थोड्या गोष्टी खरोखर उपयोगी ठरल्या आहेत, त्यांत हालचाल वरच्या क्रमांकाला आहे. २०२२ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाहक संधिवाताच्या रुग्णांपैकी काही जणांना फोनवरून त्यांच्या बेताने आखलेला व्यायाम शिकवला, काहींना थकव्याबद्दलचे विचार आणि सवयी कशा बदलायच्या ते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा दोन्ही गटांचा थकवा कमी झाला, आणि फरक वर्षभरानंतरही टिकून होता. फोनवरून, हे मला महत्त्वाचं वाटतं. जिम नाही, यंत्रं नाहीत. पण म्हणून उद्या पहाटे टेकडी चढायला निघू नका, नाहीतर तोही रविवारच्या चादरींसारखाच प्रकार होईल. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात शेकल्यावर बोटांची उघडझाप, आणि जेवणाआधी गच्चीवर सात मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी जास्त गळाल्यासारखं झालं तर पाच मिनिटं करा, पण शून्य करू नका. दोन आठवड्यांनी एखाददुसरं मिनिट वाढवा. सांधे सुजलेल्या दिवशी त्या सांध्याला विश्रांती, बाकीच्यांना नाही. जवळपास चांगला फिजिओथेरपिस्ट असेल तर एकदा दाखवून या.

मनाचा प्रश्न राहिला. शरीरात दाह असताना मन कोरडं राहत नाही, आणि आमवात असलेल्यांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. तेव्हा ‘मनाचं की शरीराचं’ असा भागाकारच नको. तुमच्या पत्रापुरतं सांगते. खचलेल्या मनाला आवडीचंही काही करावंसं वाटत नाही. तुम्हाला करावंसं खूप वाटतंय, शरीर साथ देत नाही. तिसऱ्या पानावर, अक्षर तिरकं होत चाललेलं असताना, तुम्ही नववीतल्या एका मुलीबद्दल लिहिलंय. तिने पायथागोरसचं प्रमेय पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या रीतीने सिद्ध करून दाखवलं. त्या सहा ओळींत अक्षर पुन्हा गोल झालं आहे. परत जाऊन बघा वाटल्यास, झेरॉक्स पाठवते. पण ती गोडीही आटू लागली, सकाळी उठून काय करायचं असं रोज वाटू लागलं, तर ते डॉक्टरांना सांगण्यात संकोच नको. त्यावरही उपचार आहेत.

त्या सहा ओळींमुळेच तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडले. ‘नोकरी सोडली तर निदान घरचं तरी नीट होईल.’ काहीतरी सोडायला हवं हे तुम्हाला पटलंय, आणि यादीत पहिलं नाव नोकरीचं. चादरींचं नाही, चटण्यांचं नाही, न कळवता येणाऱ्या पाहुण्यांचं नाही. घर हे ठरलेलं, त्याला हात लावायचा नाही. काटछाट करायची ती तुमच्या स्वतःच्या एकमेव गोष्टीत. नोकरी सोडल्यावर थकवा घरी येणारच नाही, असंही तुम्ही धरून चालला आहात. येईल. शाळेत निदान पाच वाजता घंटा होते. घरात ती कोण वाजवणार?

नोकरी कधीच सोडू नका, असं मी म्हणत नाही. काहींना खरंच सोडावी लागते, आणि त्यात हार वगैरे काही नसते. पण क्रम महत्त्वाचा. आधी रक्ताच्या तपासण्या, गोळ्यांचा वार, झोप, घरकामाची वाटणी. याला सहा महिने द्या. तेवढ्यात अर्धवेतनी आणि परावर्तित रजा किती शिल्लक आहे ते लिपिकाकडून लेखी घ्या, आणि राजीनामा व स्वेच्छानिवृत्ती यांत तुमच्या बाबतीत पैशांचा काय फरक पडतो तेही समजून घ्या. आणि काहीही झालं तरी हा निर्णय सोमवारी घेऊ नका.

शाळेत सांगायचं का, याला मी सरसकट ‘हो’ म्हणणार नाही. तुमची भीती खरी आहे. ‘बाईंना दहावी झेपायची नाही’ असं कोणी काळजीच्या सुरात म्हणेल आणि वर्ग काढून घेतला जाईल. पण दरवर्षी दोनदा ‘व्हायरल’ सांगणाऱ्या शिक्षिकेबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललं जात असेल, तेही मनात आणा. मला मधला रस्ता बरा वाटतो. सगळ्यांना नको, मुख्याध्यापकांना सांगा, आणि आजार सांगताना गरजही सांगा: डॉक्टरांची चिठ्ठी, तळमजल्यावरचा वर्ग, फळ्याजवळ एक उंच स्टूल, परीक्षेला तीन तास उभं राहायचं पर्यवेक्षण नको, निवडणुकीच्या कामातून वैद्यकीय कारणाने सूट मिळण्यासाठी शिफारस. नेमकं मागितलं की ‘हो’ म्हणणं सोपं जातं. सोमवारचा पाचवा तास तर तुम्हीच हलवू शकता, वेळापत्रक तुमच्याच हातात आहे.

आता तुमच्या यजमानांविषयी. ‘काय मदत करू सांग’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण त्यात काम ओळखणं, आठवण ठेवणं आणि सांगणं तुमच्याकडेच राहतं. थकलेल्या डोक्याला नेमकं तेच जड जातं. म्हणून सुटी कामं सांगू नका, आख्खं खातं द्या. उदाहरणार्थ रात्रीच्या जेवणानंतरचं स्वयंपाकघर: भांडी, ओटा, दूध, विरजण, सकाळची कणीक, आणि साबण संपलाय हे लक्षात येणंही. पहिला महिना विरजण बिघडेल. तुम्ही तिकडे बघायचं नाही. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. बायकोने दहा वेळा सांगितलेलं डॉक्टरांनी एकदा सांगितलं की पोचतं. हे दुःखद आहे, पण उपयोगाचं आहे.

आणि मुलगा? चार पानांत तो एकदाच येतो, ‘अकरावीत आहे’ म्हणून. सातवीतली मुलगी ‘थोडं करते’. अकरावीतला काय करतो ते लिहायचं राहिलं, की लिहिण्यासारखं काही नव्हतं? कपडे वाळत घालणं, घड्या करणं, दळण आणि भाजीच्या पिशव्या, यातलं काहीही अकरावीच्या अभ्यासाआड येत नाही.

राहता राहिल्या गौरी. सासूबाईंसमोर ‘यंदा माझ्याने होणार नाही’ असं म्हणू नका. त्यातून फक्त वाद होईल. ‘यंदा मी एवढं करणार’ असं म्हणा. तुम्हाला त्या तीन दिवसांतलं सगळ्यात काय आवडतं? तुम्ही लिहिलंय, गौरींना साडी नेसवणं, मुखवटे बसवणं. ते तुमचं. ते शेवटी उरल्यासुरल्या जिवाने करायचं नाही, पहिल्यांदा, ताज्या अंगाने करायचं. सजावट आणि साफसफाई मुलांकडे, बाजार यजमानांकडे. पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या एकत्र शिजवायच्याच असतील तर त्या आदल्या दिवशी सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून चिराव्यात, सासूबाईंनीसुद्धा. त्यांचे गुडघे दुखतात, हात चांगले आहेत, आणि असं बसून केलेलं काम त्यांनाही आवडेल असं मला वाटतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची रजा आत्ताच टाका, व्हायरल व्हायची वाट न पाहता.

पुरणपोळ्या बाहेरून. नैवेद्यापुरत्या दोन घरी करा हवं तर, सासूबाईंच्या देखरेखीखाली, यजमानांना पुरण वाटायला बसवून. पण ऑर्डर या आठवड्यातच देऊन ठेवा. गौरींच्या तोंडावर पोळ्या करणाऱ्या मावश्या नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत.